इंजिन ‘मिस’ का मारतं? उत्तर दडलंय रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यात

साइटवर पोकलेन चालू असते. अचानक इंजिनचा ताल बिघडतो, मशीन थरथरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि भरलेलं बकेट उचलताना इंजिनला दम लागतो. अनुभवी ऑपरेटर आवाजावरूनच ओळखतो, की इंजिन मिसिंग करतंय. म्हणजे बाकीचे सिलिंडर काम करतायत, पण एखाद्यात डिझेल नीट पेटत नाहीये.

हे जगातल्या पहिल्या डिझेल इंजिनलाही झालं होतं. आणि ते दुरुस्त करायला बसला होता खुद्द रुडॉल्फ डिझेल. चला, त्याची गोष्ट पाहूया.

युद्धाने घर सोडायला लावलेला मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं.

पोरगा हुशार निघाला. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले, रेफ्रिजरेशनमधलं मोठं नाव. तिथे एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली: वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग वापरतं, बाकी सगळं वाया! हे बदलायचं, असं त्याने ठरवलं.

स्पार्क प्लग नाही, मग पेटतं कसं?

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. रुडॉल्फची कल्पना याच तत्त्वावर होती. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची, की ती ५०० अंशांच्याही वर तापेल. मग त्यात इंधनाचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटणार. १८९३ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं.

म्हणजे तीन गोष्टी जमायला हव्यात: हवेचा पुरेसा दाब, बारीक फवारा आणि अचूक वेळ. यातली एक जरी हुकली की मिसफायर! हे तीन शब्द लक्षात ठेवा, शेवटी कामाला येतील.

पहिला प्रयत्न आणि स्फोट

ऑगस्ट १८९३ मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब इतका वाढला की सिलिंडरवर बसवलेलं इंडिकेटर नावाचं यंत्र फुटलं. रुडॉल्फ थोडक्यात वाचला.

हे इंडिकेटर फार महत्त्वाचं. पिस्टनच्या हालचालीबरोबर सिलिंडरमधला दाब किती वाढतो-घटतो, याची रेघ ते कागदावर काढायचं. इंजिनचा ईसीजीच म्हणा! रुडॉल्फ त्या रेघा वाचायचा, दोष कुठे आहे ते ठरवायचा आणि तेवढा भाग बदलून पुन्हा चाचणी घ्यायचा. पेटंटमधला त्याचा मूळ हिशोबही पूर्ण बरोबर नव्हता, त्यालाही मुरड घालावी लागली.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं. किती वेळ? फक्त एक मिनिट! पण १८९७ च्या अधिकृत चाचणीत त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामात बदलून दाखवली. तेव्हा हा आकडा थक्क करणारा होता.

यश मिळालं, पण इंजिन रुसलं

देशोदेशीच्या कंपन्यांनी हक्क विकत घेतले, रुडॉल्फ श्रीमंत झाला. १८९८ मध्ये केम्प्टेनच्या काड्यापेटी कारखान्यात इंजिन बसलं. गंमत बघा, काडी न लावता पेटणारं इंजिन गेलं काड्यापेटीच्या कारखान्यात!

पण चाचणीत चालणं वेगळं आणि रोज कारखान्यात राबणं वेगळं. सुरुवातीची इंजिनं वारंवार बंद पडू लागली, तक्रारी वाढल्या. टीका, कोर्टकज्जे आणि कामाचा ताण यांनी रुडॉल्फची तब्येत ढासळली. त्याला उपचारांसाठी आरोग्यधामात राहावं लागलं. इंजिन हळूहळू सुधारलं, पण पैशांचे व्यवहार मात्र बुडत गेले.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीतून नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला, त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की आणखी काही, याचं उत्तर आजही नाही.

त्याच्या काळात फवाऱ्यासाठी मोठा एअर कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून हे इंजिन कारखाने आणि जहाजांपुरतंच राहिलं. १९२७ मध्ये बॉशचे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि १९३१ मध्ये कॅटरपिलरने डिझेल ट्रॅक्टर आणला. डिझेल मातीकामात उतरलं, पण ते पाहायला रुडॉल्फ नव्हता.

आज मिसिंग कसं शोधायचं?

पद्धत तीच: अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत, आधी दोष शोधायचा.

१. स्वस्तापासून सुरुवात करा. डिझेल फिल्टर चोकअप आहे का, वॉटर सेपरेटरमध्ये पाणी आहे का, लाइनमध्ये एअर आली आहे का, ते बघा.

२. धूर बघा. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय, काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळतंय.

३. आजारी सिलिंडर शोधा. इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्टचं तापमान सिलिंडरनुसार मोजा. जो थंड, त्याच्यावर संशय. नव्या मशीनमध्ये लॅपटॉप जोडून एकेक सिलिंडर बंद करता येतो. ज्याला बंद केल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच कामचुकार!

४. मग कारण शोधा. नोझल किंवा इंजेक्टर तपासा, कॉम्प्रेशन मोजा, टॅपेटचा गॅप आणि टायमिंग बघा.

एक धोक्याची सूचना: जुन्या पंपाच्या इंजिनवर मेस्त्री नोझलच्या पाइपचा नट सैल करून सिलिंडर तपासतात. कॉमन रेल इंजिनवर हे कधीच करू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

दाब, फवारा, वेळ. सव्वाशे वर्षांपूर्वी रुडॉल्फ ज्या तीन गोष्टींशी झगडत होता, आजचा मेस्त्रीही त्याच तपासतोय. फक्त कागदावरच्या रेघेऐवजी आता स्क्रीन आली आहे.