आधी कान, मग पाटी : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य



डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. या टेकडीचे नाव भारतभर पोचविणाऱ्या ताराबाई मोडक यांचा परिचय आज आपण करून घेऊ. मूल काय ऐकते, कोणाच्या तोंडून ऐकते आणि कशा स्वरात ऐकते यावर त्याचे शिकणे किती अवलंबून असते, हे त्यांच्या कार्यातून आपणांस चांगले उमजेल.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. मुलींनी चार इयत्ता शिकणेही दुर्मिळ होते, त्या काळी त्या १९१४ मध्ये बी. ए. झाल्या. संसारात त्यांना सुख लाभले नाही. पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीसह त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयात त्यांना मानाची नोकरी मिळाली. परंतु भावनगरला गिजुभाई बधेका हे वकिली सोडून बालमंदिर चालवीत आहेत, हे कळताच त्यांचा ओढा तिकडे लागला. त्यांनी नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धत येथे भारतीय रूपात वाढली. तीत कानाच्या शिक्षणाला मोठे स्थान आहे. निरनिराळे आवाज करणाऱ्या डब्या वाजवून मूल सारख्या आवाजाच्या जोड्या लावते. शांततेच्या खेळात सारी मुले निश्चल बसतात, बाई दुरून एकेकाचे नाव कुजबुजतात, आणि ज्याचे नाव येईल ते मूल पायाचा आवाज न करता त्यांच्याजवळ जाते. छडी नाही, दटावणी नाही, तरी चाळीस मुले शांत! जेथे बाई हळू बोलतात तेथे मूल कान देते. जेथे सतत ओरडा असतो तेथे ते कान मिटून घेते.

दादरच्या शिशुविहारात हे शिक्षण शहरी मुलांना मिळू लागले. पण गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्या बोर्डीला आल्या व तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येथेच सहकारी म्हणून लाभल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडला, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील मूल तारप्याच्या सुरावर वाढते. ताल त्याच्या अंगी असतो, पण शाळेची मराठी त्याच्या कानाला परकी वाटते. शिवाय त्याला गुरे राखायची, धाकटे भावंड सांभाळायचे. मग ते शाळेत येणार कसे? ताराबाईंनी शाळाच त्याच्याकडे नेली. आईचा आवाज ऐकू येईल अशा अंगणात अंगणवाडी भरली, गुरांमागे कुरणशाळा गेली. खडे, बिया, शिंपले, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. गाणी व गोष्टी ऐकता ऐकता मूल आधी बोलके झाले, पाटी मागाहून आली.

१९६२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. पुढे दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव आहे.

कानाचे हे महत्त्व शास्त्रानेही मान्य केले आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमधील एका शाळेची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे रेल्वेमार्गाकडील वर्गांतील मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांहून मागे पडली होती. सहावीची मुले तर जवळजवळ वर्षभर मागे. पुढे रुळांचा व वर्गांचा आवाज कमी केल्यावर हा फरक उरला नाही. याचे कारण सोपे आहे. गोंगाटात एखादा शब्द निसटला तर मोठा माणूस संदर्भाने तो भरून काढतो. मुलाचा शब्दसंग्रह अपुरा असल्याने त्याला ते साधत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने शिकवणे चालू असताना वर्गातील इतर आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा असे सुचविले आहे.

पालकहो, आपल्या घरांतही हा प्रश्न आहेच. घरात उर्दू, कोकणी वा गुजराती आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशी आपल्या मुलांची ओढाताण होते. म्हणून घरची भाषा तुच्छ मानू नका. तीतूनच गोष्टी सांगा, अंगाई गा. कान तयार झालेले मूल दुसरी भाषाही लवकर उचलते. अभ्यासाच्या वेळी दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवा. मुलावर ओरडू नका. भेदरलेल्या मुलाला आपला राग तेवढा ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. आणि मूल वारंवार 'काय?' विचारत असेल, तर त्याला मठ्ठ ठरविण्यापूर्वी त्याचे कान डॉक्टरांना दाखवा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही धाकट्या भावंडाला रोज एक गोष्ट हळू आवाजात सांगा. ताराबाईंनी ज्यासाठी उभे आयुष्य वेचले, त्या कार्याला तेवढाच आपला हातभार लागेल.