वात्स्लाव होलेक : ब्रेन बंदुकीमागचा कारागीर

दुसऱ्या महायुद्धात आपल्या बेटावरून पायोनियर कोअरमध्ये भरती होऊन इजिप्तच्या वाळवंटापर्यंत गेलेल्या मंडळींना ‘ब्रेन’ हे नाव ठाऊक होते. दोन पायांवर टेकवलेली, वरून वाकडी पेटी खोचलेली ती हलकी मशीनगन इंग्रजी राज्याच्या प्रत्येक पलटणीत असे. पुष्कळांचा समज असा की ब्रेन नावाच्या कोणा साहेबाने ती बनवली असावी. पण तसा साहेब कधी नव्हताच. ‘ब्रेन’मधली पहिली दोन अक्षरे चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहराची आणि पुढली दोन इंग्लंडमधील एनफिल्डची. शहरांची नावे बंदुकीला मिळाली, पण जिच्यापासून ती घडली ती मूळ बंदूक ज्यांनी रचली त्या वात्स्लाव होलेक यांचे नाव मागेच राहिले. त्यांची हकीगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

होलेक यांचा जन्म २४ सप्टेंबर १८८६ रोजी दक्षिण बोहेमियात, पीसेक गावाजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशाहीत मोडत असे. इंजिनिअरिंगचे मोठे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पीसेकला ते बंदुका बनवण्याचे काम शिकले. आपल्याकडे सोनाराच्या किंवा सुताराच्या हाताखाली पोर ठेवतात, तशीच ही उमेदवारी. पुढे व्हिएन्नात काम केले, मग प्रागला आले. ते दिवस शिकारीच्या बंदुकांचे. एकेक बंदूक गिऱ्हाइकाच्या खांद्याचे माप घेऊन बनवायची, दस्त्यावर नक्षी कोरायची. अशा कामात हात बसला की कानशीने किती घासायचे हे डोळ्यांना आधी कळते आणि मोजपट्टीला नंतर.

१९१८ साली बादशाही मोडली आणि चेकोस्लोव्हाकिया हे नवे राष्ट्र उभे राहिले. नव्या राष्ट्राला स्वतःचे सैन्य हवे होते आणि सैन्याला स्वतःची शस्त्रे. प्रागमध्ये ‘झ्ब्रोयोव्का प्रागा’ नावाचा खाजगी कारखाना निघाला. होलेक तेथे लागले आणि थोड्याच दिवसांत हलक्या मशीनगनच्या कामाला भिडले.

आता त्या कामातली अडचण काय होती, हे जरा सावकाश सांगायला हवे. सगळी कथा तेथेच आहे.

मशीनगन मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या उडवू शकते. दर गोळीमागे दारूचा जाळ नळीतून जातो. शेदोनशे गोळ्यांत नळी इतकी तापते की हात लावण्याची सोय उरत नाही, आणखी झाडत राहिले तर आतले आटे झिजू लागतात, गोळी भरकटते आणि शेवटी नळी निकामी होते. बाकीचा सांगाडा मात्र धडधाकट असतो. पहिल्या महायुद्धात यावर दोन तोडगे होते. विकर्स बंदुकीच्या नळीभोवती पाण्याचे पिंप असे, त्यात सुमारे चार लिटर पाणी. ती तासन् तास चाले, पण उचलायला दोन-तीन माणसे लागत आणि पाणी वेगळे वाहावे लागे. दुसरी लुईस बंदूक. तिच्या नळीभोवती ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यावर जाड नळकांडे चढवून हवेने थंड करण्याची युक्ती होती. ती हलकी होती खरी, पण नळी तापली की लढाईच्या जागी काही करता येत नसे.

ज्यांच्या घरातली माणसे साखरेच्या गिरणीत राबली, त्यांना यातला हिशेब निराळा समजावून सांगायला नको. ऊस पिळणारे रूळ झिजतात. म्हणून काही कोणी सगळी गिरणी भंगारात काढीत नाही. रूळ उतरवतात, दुसरे चढवतात, गाळप पुढे चालू. कोयत्याचे पाते गेले तर पाते बदलायचे, मूठ तीच. होलेक यांनी बंदुकीकडे याच नजरेने पाहिले. जो भाग आधी झिजतो तो चटकन सुटा झाला पाहिजे, आणि तो सोडवायला मिस्त्री लागता कामा नये. चिखलात पालथ्या पडलेल्या, घाबरलेल्या शिपायालाही ते जमले पाहिजे.

नळी बदलण्याची कल्पना एकट्या त्यांच्याच डोक्यातून निघाली असे आम्ही म्हणणार नाही. हॉचकिस बंदुकीची नळी पान्याने सोडवता येत असे. परंतु होलेक यांच्या बंदुकीत पान्याचे काम उरले नाही. एक खिटी उचलून फिरवायची की नळीची पकड सुटते. बंदूक उचलून नेण्याची मूठ नळीवरच बसवलेली असते, म्हणून लाल तापलेल्या लोखंडाला हात न लावता तीच मूठ धरून नळी पुढे ओढायची. दुसरी नळी बसवायची आणि खिटी परत फिरवायची. सरावलेल्या जोडीला काही सेकंद पुरतात. थंड होत पडलेली पहिली नळी पुन्हा उपयोगाला येते. दोन नळ्या आलटून पालटून वापरल्या की दोन्ही जास्त दिवस टिकतात. सरकारी खजिन्याच्या दृष्टीने पाहिले तर कोठारात बंदुकांचा ढीग लावण्यापेक्षा नळ्यांचा साठा ठेवणे केव्हाही स्वस्त.

पण गंमत पाहा. ज्या कारखान्यात ही काटकसर सुचली, तो कारखानाच दिवाळखोरीत निघाला. होलेक यांचे नमुने एकामागून एक तयार होत होते. आधी कापडी पट्ट्यातून काडतुसे घेणारे, मग वरून पेटी खोचायचे. लष्कराच्या चाचण्यांत ते परदेशी बंदुकांना मागे टाकीत होते. मात्र हजारोंनी बंदुका बनवण्याची यंत्रे आणि पैसा प्रागच्या कंपनीजवळ नव्हता. १९२६ साली कंपनी बुडाली. तोपर्यंत बंदुकीचे हक्क ब्रनोच्या शस्त्र कारखान्याने घेतले होते आणि होलेकही ब्रनोला गेले होते. धाकटे भाऊ एमान्युएल हेही बंदुकांचेच कारागीर. तेही त्यांच्याबरोबर काम करीत.

ब्रनोला १९२६ साली जी बंदूक पक्की झाली ती ‘झेडबी २६’. वजन नऊ किलोंच्या आसपास, वर वीस काडतुसांची पेटी. चेक सैन्याने ती घेतलीच, शिवाय युगोस्लाव्हिया, रुमानिया, इराण अशा कितीतरी देशांत ती गेली. चीनने हजारोंनी विकत घेतल्या आणि पुढे स्वतःही बनवल्या.

इंग्लंडला लुईस बंदुकीच्या जागी नवी हवी होती. १९३० पासून चाचण्या सुरू झाल्या. ब्रनोच्या बंदुकीत तेथे दोन अडचणी आल्या. इंग्रजी .३०३ काडतुसाच्या बुडाला कडा असते, त्यामुळे पेटी वाकडी करावी लागली. ब्रेनची ती प्रसिद्ध वाकडी पेटी अशी आली. इंग्रजी दारूची काजळी फार धरते, म्हणून नळीतून वायू घेण्याचे भोक तोंडाकडून मागे आणावे लागले. चार-पाच वर्षे नमुने ब्रनो आणि इंग्लंड यांच्यामध्ये येत-जात राहिले. १९३५ साली परवान्याचा करार झाला आणि १९३७ साली एनफिल्डला ब्रेन बनू लागली.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. त्याच चाचण्यांत विकर्स-बर्थिए नावाची दुसरी बंदूक होती, तिचीही नळी बदलता येत असे. इंग्लंडने ती नाकारली, पण हिंदी सैन्याने मात्र ती घेतली आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती बनत असे. ब्रेन तेथे नंतर, युद्ध पेटल्यावर आली.

ब्रेन ही स्वस्त बंदूक होती असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. तिचा सांगाडा पोलादाच्या एका ठोकळ्यातून कोरून काढावा लागे, त्याला कितीतरी यंत्रे आणि तास लागत. बचत होती ती नळीत. पुढे १९४१ पासून सोपी केलेली दुसरी आवृत्ती निघाली. ती बनवणाऱ्यांत मोनोटाइप ही कंपनी होती. छापखान्यासाठी खिळे जुळवण्याची यंत्रे करणारी तीच ही मोनोटाइप. वर्तमानपत्राच्या पानावर हे लिहिताना आम्हांला थोडे चमत्कारिक वाटते.

मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा ब्रनोत शिरल्या. कारखाना अलगद जर्मनांच्या हाती गेला आणि होलेक यांची बंदूक जर्मन पलटणींच्या खांद्यावर चढली. एकाच माणसाच्या हातची दोन भावंडे आता समोरासमोर उभी राहिली. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्रज सैन्य परतले, तेव्हा बहुतेक ब्रेन बंदुका मागे टाकून यावे लागले. जगभरच्या इंग्रजी वसाहतींत एकदम टंचाई झाली. कॅनडात टोरांटोला, ऑस्ट्रेलियात लिथगोला ब्रेन बनू लागली. टोरांटोच्या कारखान्याने चीनसाठी काही ब्रेन बनवल्या, त्या पुन्हा मूळच्या ७.९२ मिलिमीटर काडतुसाच्या. म्हणजे चेक बंदूक इंग्लंडच्या वाटेने कॅनडाला जाऊन आपल्या जुन्या मापावर आली.

न्यूझीलंडमध्ये ब्रेन बनत नव्हती, आणि जपानी आले तर काय ही धास्ती मोठी होती. तेथील दक्षिण बेटावर क्राइस्टचर्च शहराच्या पश्चिम टोकाला हॉर्नबी नावाचे उपनगर आहे. दक्षिणेकडून शहरात येणारा मोठा रस्ता आणि रेल्वे, दोन्ही हॉर्नबीतूनच जातात. त्या वाटेवर खाली टेमुका येथे सरकारी बांधकाम खात्याच्या कर्मशाळेत एक अजब रणगाडा तयार झाला. खात्याचे मंत्री बॉब सेंपल यांच्याच नावाने तो ओळखला जातो. कॅटरपिलर ट्रॅक्टरवर पन्हाळीच्या पोलादी पत्र्यांची पेटी चढवलेली, वजन पंचवीस टनांच्या घरात, आणि आत सहा ब्रेन बंदुका! एका बंदूकवाल्याला तर इंजिनावर गादी टाकून पालथे पडावे लागे. १९४१ साली क्राइस्टचर्चच्या रस्त्यांवरून ही वाहने मिरवली गेली. लोक हसले, आजही हसतात. परंतु ज्यांच्याजवळ रणगाडा नव्हता आणि मागून मिळतही नव्हता, त्यांनी हाताशी होते त्यातून काहीतरी केले. आम्हांला त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही.

त्याच देशात उत्तर बेटावरील हेस्टिंग्ज गावी फिलिप चार्लटन नावाचे गृहस्थ मोटारींची कर्मशाळा चालवीत. ब्रेन मिळत नाहीत, तर कोठारात पडलेल्या बोअर युद्धाच्या काळातील जुन्या रायफलीच आपोआप चालणाऱ्या कराव्यात, असे त्यांनी १९४१ साली ठरवले आणि करूनही दाखवले. ब्रेनचीच पेटी थोडी फेरफार करून तिला बसवली. अशा सुमारे पंधराशे बंदुका झाल्या. खर्च वाचला, पण नळी होती ती जुन्या रायफलीचीच. तिच्यावर थंडाव्यासाठी खाचा पाडल्या, तरी लढता लढता ती बदलण्याची सोय नव्हती. म्हणून एकेक गोळी झाडायची आणि अगदी गळ्याशी आले तरच सलग झाडायची, असा तिचा बेत. होलेक यांच्या खिटीची खरी किंमत या तुलनेत कळते. युद्धानंतर पामर्स्टन नॉर्थच्या कोठाराला आग लागली आणि चार्लटन बंदुका जवळजवळ सगळ्या जळाल्या.

मराठी शिपायांचा आणि ब्रेनचा सहवास इटलीतला. पायदळाच्या प्रत्येक तुकडीत एक ब्रेन असे. एक जण ती चालवी, जोडीदार पेट्या आणि जादा नळी सांभाळी. समोर जर्मनांच्या मशीनगन, त्यांच्याही नळ्या बदलत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कोकणातले नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे जात असता अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्यावाचून तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ठाणे मोडले, आणि तेथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर मराठ्यांची आठवी हिंदी डिव्हिजन आणि न्यूझीलंडची डिव्हिजन शेजारी शेजारी लढल्या. दोन्हींच्या हाती ब्रेनच होती.

होलेक यांच्या चरित्राकडे पाहताना आमचे मन एका बाजूला ठरत नाही. कारागिराचा निर्मळ हात आणि झिजणाऱ्या भागाचा नेमका विचार, याचे कौतुक वाटते. त्याच हातांनी जे घडले त्यापुढे किती तरुण उभे राहिले, हेही डोळ्यांआड करता येत नाही. रणगाड्यांवर बसणारी ‘बेसा’ मशीनगन हीदेखील मूळ त्यांचीच रचना. युद्धानंतर चेक सैन्याने घेतलेली १९५२ ची हलकी मशीनगन त्याच ‘झेडबी २६’च्या वंशातली.

होलेक ब्रनोतच राहिले आणि १३ डिसेंबर १९५४ रोजी तेथेच वारले. स्वतंत्र भारताने ब्रेनचे माप बदलून तिला नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसावर आणले आणि ती कितीतरी वर्षे आपल्या पलटणींत ठेवली. त्या बंदुकीची पेटी सरळ झाली, पण नळीवरची मूठ आणि फिरवायची खिटी जेथे होती तेथेच राहिली.