सरकारच्या आत आणि बाहेर : लोकनायक बापूजी अणे

शाळेत बापूजी अण्यांबद्दल आपल्याला एवढंच पाठ होतं : जन्म वणीचा, लोकनायक म्हणून ख्याती, पुसदचा जंगल सत्याग्रह. दोन मार्कांचं उत्तर तेवढ्यात संपायचं. स्मरणिकेसाठी जिल्ह्यातल्या एखाद्या व्यक्तीवर लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांचंच नाव घेतलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांची माहिती कोणी बघायची, कोणाच्या परवानगीने, आणि बघणाऱ्यावर लक्ष कोणी ठेवायचं, हा प्रश्न माझ्या कामात रोज असतो. सत्तेबद्दलचा हाच प्रश्न अण्यांच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी आला. सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं आणि पुढे त्याच सरकारात ते बसलेही.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म 29 ऑगस्ट 1880 चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, अमरावतीत काही काळ मास्तरकी केली आणि 1908 मध्ये यवतमाळला वकिली सुरू केली. त्याच वर्षी केसरीतल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं गेलं. अणे टिळकांचे अनुयायी. लिहिल्याबद्दल माणूस सहा वर्षं आत जाऊ शकतो, हे या तरुण वकिलाने अगदी सुरुवातीलाच पाहिलं.

1924 मध्ये ते वऱ्हाडातर्फे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. 1928 मध्ये सरकारने तिथे सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं. सरकारला नको असलेल्या परदेशी कार्यकर्त्यांना खटल्याशिवाय देशाबाहेर काढता यावं, हा त्याचा हेतू. मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांच्या निर्णायक मताने ते फेटाळलं गेलं. 1929 च्या एप्रिलमध्ये भगतसिंगांनी सभागृहात बॉम्ब टाकला, तेव्हाही विषय हाच होता. अखेर व्हाइसरॉयने त्यातल्या तरतुदी वटहुकूम काढून लागू केल्या. सभागृह नाही म्हणालं तरी सरकारला वाट सापडते, हे देशाला कळलं. 1928 मध्येच मोतीलाल नेहरूंच्या समितीने भावी राज्यघटनेचा आराखडा तयार केला. त्यात नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी होती आणि समितीच्या सदस्यांत अणे होते.

मग 1930 साल उजाडलं. गांधीजींनी मीठ उचललं, पण आपल्याकडे समुद्र कुठला? आपल्याकडे जंगल होतं. 1927 चा भारतीय वन कायदा त्याच दिल्लीच्या कायदेमंडळात झाला होता. राखीव जंगलात गुरं चारणं, गवत कापणं, मोळी आणणं परवानगीशिवाय गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांना फॉरेस्ट गार्डच्या मर्जीवर राहावं लागे. 10 जुलै 1930 रोजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. पन्नाशीला टेकलेले वकील, कायदेमंडळात काम केलेले, आणि हातात विळा! त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सत्याग्रहाचं लोण मध्यप्रांत-वऱ्हाडात दूरवर पसरलं.

यापुढचा भाग आपल्या उत्तरात कधी नव्हता. 1941 मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. काँग्रेस तेव्हा सरकारशी असहकार करत होती, त्यामुळे अनेकांना ते रुचलं नाही. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींना खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं, तेव्हाही अणे मंडळातच राहिले. त्याच महिन्यात चिमूरला उठाव झाला आणि त्यानंतर लष्कर-पोलिसांनी बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी दिल्लीत थेट अण्यांच्या घरी जाऊन उपोषणाला बसले. सरकारने त्यांना तिथून हलवलं; सेवाग्रामला त्यांचं उपोषण सुरूच राहिलं आणि एकूण 63 दिवस चाललं. त्याच्या बातम्या छापायला सरकारने बंदी घातली. निषेध म्हणून जानेवारी 1943 मध्ये देशभरातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत.

10 फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये 21 दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. 17 फेब्रुवारीला अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले. गांधीजी सुटले नाहीत. त्याच वर्षी अणे सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, हेही सांगायला हवं. सरळ रेषेत मांडता येईल असं हे आयुष्य नाही, म्हणूनच मला ते खरं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर 1948 ते 1952 ते बिहारचे राज्यपाल होते. 1962 मध्ये नागपुरातून लोकसभेवर गेले. आणीबाणी म्हटलं की आपल्याला 1975 आठवतं. पण चीन युद्धामुळे ऑक्टोबर 1962 मध्ये लागलेली आणीबाणी युद्ध थांबूनही जानेवारी 1968 पर्यंत उठली नव्हती. भारत संरक्षण कायद्याखाली पकडलेल्यांना मूलभूत हक्कांसाठी कोर्टात दाद मागता येत नव्हती. त्यातली बरीच वर्षं अणे खासदार होते. आणीबाणी उठली 10 जानेवारीला. अणे गेले 26 जानेवारी 1968 ला.

1927 चा वन कायदा दुरुस्त्यांसह आजही आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा माहिती संरक्षण कायदा मात्र केंद्राला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा देतो. म्हणजे बरंचसं पुन्हा आत बसलेल्या माणसांवर येतं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कोणी तहसीलमध्ये आहे, कोणी पोलिसात, कोणी बँकेत, कोणी शाळेत. लोकांचे कागद आता आपल्या टेबलावर येतात. मी बांधत असलेल्या सिस्टिममध्ये एक नियम पाळते : कोणी कोणाची नोंद उघडली, कधी आणि कशासाठी, हे लिहिलं गेलंच पाहिजे, मग बघणारा साहेब का असेना. तुमच्याकडे काय पद्धत आहे? मेळाव्यात जेवणाच्या पंगतीला नक्की सांगा. आणि सर, बाई, पुढच्या वर्षी हा प्रश्न दोन मार्कांऐवजी पाच मार्कांना घाला.