जत्रेतली काचेची पेटी: हॉस्पिटलांनी नाकारलेल्या बाळांना वाचवणारा मार्टिन कूनी

ओळखीतल्या कुणाचं बाळ सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलं, की बाळाला पेटीत ठेवल्याचा मेसेज फॅमिली ग्रुपवर येतो. ही पेटी म्हणजे इनक्युबेटर, आणि ती जिथे असते तो विभाग म्हणजे एनआयसीयू, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. आज पेटी म्हटलं की आपल्याला हॉस्पिटलच आठवतं.

पण साधारण १२० वर्षांपूर्वी अमेरिकेत ही पेटी बघायची असेल, तर जत्रेत जावं लागायचं. एका बाजूला आकाशपाळणे, दुसऱ्या बाजूला खेळवाले, आणि मधल्या इमारतीत काचेआड झोपलेली जिवंत बाळं. तिकीट २५ सेंट! हा खेळ मांडणाऱ्या माणसाचं नाव मार्टिन कूनी. त्याची गोष्ट विचित्र आहे, पण एनआयसीयू नीट समजून घ्यायचा असेल तर ती माहीत हवीच.

आधी पेटी कुठून आली?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, त्यामुळे ते स्वतःचं शरीर गरम ठेवू शकत नाही. नुसत्या थंडीनेही ते दगावू शकतं. पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ स्टेफान टार्निए यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवणारं यंत्र पाहिलं आणि बाळांसाठी तसंच काही बनवून घेतलं. १८८० च्या सुमारास ते त्यांच्या हॉस्पिटलात सुरू झालं. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये आधी १०० पैकी ६६ दगावत होती, ती संख्या ३८ वर आली.

पुढे नीस शहरातल्या अलेक्झांद्र लिऑन याने जास्त हुशार पेटी बनवली. खाली गरम पाण्याच्या नळ्या, तापमान आपोआप सांभाळणारा थर्मोस्टॅट, बाहेरची हवा कापसातून गाळून आत आणणारा पाइप आणि वर धुराड्यासारखी हवा बाहेर जाण्याची वाट. आजच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर, हीटर आणि एअर फिल्टर. पेटी महाग होती, म्हणून लिऑनने ती लोकांना तिकीट लावून दाखवली आणि त्या पैशावर बाळं सांभाळली. कूनीने नेमकी हीच कल्पना उचलली.

कूनी होता कोण?

त्याचा जन्म १८६९ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या (आताच्या पोलंडमधल्या) क्रोतोशिन गावचा, ज्यू कुटुंबातला. १८८८ मध्ये तो अमेरिकेला गेला. १८९७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात त्याने भागीदारीत इनक्युबेटर मांडले आणि बघ्यांची झुंबड उडाली. मग १८९८ मध्ये ओमाहा, १९०१ मध्ये बफेलो, आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचं लूना पार्क. तिथे त्याने जवळजवळ ४० वर्षं मुक्काम ठोकला.

बाळं कुठून यायची? आईवडील आणायचे, कधी हॉस्पिटलं स्वतःच पाठवायची. कारण तेव्हा बहुतेक अमेरिकन हॉस्पिटलांत अशा बाळांसाठी ना पेटी होती, ना नर्स, ना पैसा. इतकं अशक्त मूल जगवून काय उपयोग, असं मानणारेही कमी नव्हते.

कूनी आईवडिलांकडून एक पैसाही घेत नसे. एका बाळाचा दिवसाचा खर्च सुमारे १५ डॉलर होता आणि तो सगळा तिकिटांतून निघायचा. म्हणजे बाळाचा जीव वाचवायचे पैसे आइस्क्रीम खात फिरायला आलेली गर्दी देत होती.

खरी कमाल पेटीची नव्हती

पेटी कुणीही विकत घेऊ शकत होता. कूनीने तिच्याभोवती जी व्यवस्था उभी केली, ती महत्त्वाची होती. दिवसरात्र प्रशिक्षित नर्स. पगारावर ठेवलेले खरे डॉक्टर. दूध पाजायला बाळंतिणी, आणि त्यांच्या खाण्यापिण्यावर कडक नजर. बाहेरचा हॉट डॉग खाताना सापडली तर थेट नोकरी जायची. ज्या बाळाला चोखता येत नसे, त्याला चमच्याने नाकावाटे थोडं थोडं दूध दिलं जाई.

शोमनशिपही भरपूर होती. बाळं आणखी छोटी दिसावीत म्हणून त्यांना मोठ्या मापाचे कपडे घालत. मुख्य नर्स लुईझ रेश्ट आपली अंगठी बाळाच्या मनगटात सरकवून दाखवायची आणि प्रेक्षक थक्क व्हायचे. बालसंरक्षणवाल्यांनी यावर टीका केली, आणि ती चूक म्हणता येत नाही. ज्यांच्याकडे पाहून लोक थक्क होत होते, त्या बाळांना कुणी विचारलं नव्हतं.

१९०७ मध्ये ही गोष्ट कूनीच्या घरातच आली. त्याची बायको मे स्वतः नर्स होती. त्यांची मुलगी हिल्डगार्ड वेळेआधी जन्मली आणि बापाच्याच पेटीत वाढली. मोठी झाल्यावर तीही नर्स होऊन त्याच्यासोबत काम करू लागली.

तीच पेटी, उलटा निकाल

१९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात इनक्युबेटरचा ठेका कूनीला न मिळता दुसऱ्यांना मिळाला. पेट्या होत्या, गर्दीही होती, पण स्वच्छता आणि दूध सांभाळणारी घडी नव्हती. जुलाबांची साथ पसरली आणि अनेक बाळं दगावली. शेवटी जॉन झाहोर्स्की या डॉक्टरांना बोलावून सगळं त्यांच्या हाती द्यावं लागलं. त्यांनी शिस्त लावली तेव्हा परिस्थिती सुधारली.

इथे मुद्दा स्पष्ट होतो. इनक्युबेटर हे हार्डवेअर आहे. ते चालवणारी माणसं, पाळ्या, हात धुणं, दूध, नोंदी ही त्याची सिस्टिम. सिस्टिम नसेल तर तीच पेटी जीवावर उठू शकते.

दुसरी परीक्षा आगीची. २७ मे १९११ च्या पहाटे कोनी आयलंडवरचं ड्रीमलँड पार्क जळून खाक झालं. तिथेही कूनीचं केंद्र होतं. बाळं मेल्याच्या बातम्या आधी पसरल्या, पण त्या खोट्या निघाल्या. सगळ्या बाळांना वेळेत बाहेर काढलं होतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ ला आग लागून १० बाळं गेली, ते आपण विसरलेलो नाही. रात्री त्या खोलीत कोण जागं आहे, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

आणि त्याचं खोटं?

कूनी स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा. पॅरिसच्या नामांकित डॉ. पिएर ब्युदाँ यांचा आपण शिष्य आहोत, असंही सांगायचा. त्याच्याकडे वैद्यकीय पदवी किंवा परवाना असल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही. आज असं कुणी केलं तर आपण त्याला बोगस डॉक्टर म्हणू, आणि बरोबरच आहे. पण ज्यांच्याकडे पदव्या होत्या, त्यांनी त्या काळात या बाळांसाठी फारसं काही केलं नाही, हेही तितकंच खरं.

हॉस्पिटलं कधी जागी झाली?

शिकागोचे बालरोगतज्ज्ञ ज्युलियस हेस यांनी कूनीचं काम जवळून पाहिलं. त्यांनी १९२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात कूनीचे आभार मानले. त्याच वर्षी शिकागोत त्यांचं खास केंद्र सुरू झालं. १९३३-३४ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात दोघांनी मिळून इनक्युबेटर दाखवले. आदल्या वर्षी वाचलेल्या बाळांना १९३४ मध्ये परत बोलावून सोहळा झाला आणि तो रेडिओवरूनही ऐकवला गेला. त्यानंतर शिकागोच्या आरोग्य खात्याने अशा बाळांसाठी शहरभराची योजना आखली.

कूनी मात्र मागे पडत गेला. १९३९-४० च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात त्याचा बराच पैसा बुडाला. आपले इनक्युबेटर त्याने शहराला फुकट देऊ केले, ते घेतले गेले नाहीत. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अशा बाळांसाठी केंद्र निघाल्यावर १९४३ मध्ये त्याने कोनी आयलंडचं दार बंद केलं. १ मार्च १९५० ला तो गेला तेव्हा त्याच्याजवळ फारसे पैसे उरले नव्हते. त्याच्या हिशेबाने त्याच्याकडे सुमारे ८,००० बाळं आली आणि त्यातली ६,५०० जगली.

आज एनआयसीयूत मॉनिटर आहेत, व्हेंटिलेटर आहेत, अलार्म आहेत. पण पाया तोच: ऊब, स्वच्छ हात, आईचं दूध, आणि बाजूला जागी असलेली नर्स. म्हणून पुढच्या वेळी कुणाचं बाळ पेटीत असल्याचा मेसेज आला, तर मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारू नका. रात्री एका नर्सकडे किती बाळं असतात, ते विचारा.