पेटन राऊस : कोंबडीच्या गाठीतून कर्करोगाच्या मुळाशी

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एक कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. तिशीतल्या डॉ. पेटन राऊस यांनी ती गाठ वाटली आणि पेशी वा जिवाणू पार होणार नाहीत अशा बारीक गाळणीतून गाळली. उरलेला द्रव निरोगी कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही तशाच गाठी झाल्या. म्हणजे कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो! १९११ मध्ये हे छापून आलं, पण फारसा कुणाचा विश्वास बसला नाही.

राऊस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी बाल्टिमोरचा. वडील लवकर गेले, आईने तिन्ही मुलांना वाढवलं. वैद्यकीय शिक्षण घेताना शवविच्छेदनात बोटाला जखम झाली आणि क्षयरोग जडला. तब्येत सुधारावी म्हणून ते काही काळ टेक्सासमध्ये गुरांच्या रँचवर राबले, मग परतून डॉक्टर झाले.

उंदरांमध्ये असा विषाणू काही सापडेना, तेव्हा त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सायट्रेट आणि साखर घालून रक्त टिकवण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह शोधली. आजच्या रक्तपेढ्यांचा पाया त्यातूनच घातला गेला. १९३० च्या दशकात सशांच्या चामखिळीचा विषाणू सापडला आणि राऊस पुन्हा कर्करोगाकडे वळले.

अखेर १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. मूळ शोधाला तेव्हा ५५ वर्षं झाली होती.

गंमत म्हणजे, पेशीतल्या जनुकांत बदल होऊन कर्करोग होतो, हे राऊस यांना मान्य नव्हतं. नोबेलच्या भाषणातही त्यांनी त्याला विरोधच केला. १६ फेब्रुवारी १९७० रोजी ते गेले. पुढे १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने राऊस यांच्याच विषाणूतलं गाठ करणारं ‘सार्क’ हे जनुक तपासलं. ते मुळात विषाणूचं नव्हतंच! निरोगी कोंबडीच्या पेशीतलं जनुक विषाणूने कधीतरी उचललं होतं. माणसातही ते असतं. पेशींच्या वाढीवर लक्ष ठेवणं हे त्याचं रोजचं काम, पण त्यात बिघाड झाला की वाढीला लगाम राहत नाही.

या शोधाला १९८९ चं नोबेल मिळालं. तंबाखू किंवा किरणोत्सर्ग जनुकांत बदल घडवून कर्करोग कसा आणतात, हे समजायला त्यातून वाट मिळाली. जी गोष्ट राऊस यांनी शेवटपर्यंत नाकारली, तिचा भक्कम पुरावा त्यांच्याच कोंबडीने दिला.