रे. नारायण वामन टिळक आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

जो मनुष्य प्रभु येशूवर अंतःकरणापासून विश्वास ठेवतो, पण ज्याचा पाण्यानें बाप्तिस्मा झालेला नाहीं, त्याचें तारण होईल काय, असा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो. त्याचा विचार करतांना आम्हांस रे. टिळकांचें चरित्र फार उपयोगी वाटतें.

टिळकांचा जन्म कोंकणांत करजगांवीं एका चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. सन १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले व त्यांनीं नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचें मन प्रभूकडे ओढलें गेलें. म्हणजे विश्वास आधीं आला, पाणी मागाहून. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याची किंमत थोडी नव्हती. जातीनें त्यांस टाकिलें. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांचा कित्येक वर्षें वियोग घडला. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या व १९०० सालीं त्यांनींही स्वतःच्या विश्वासानें बाप्तिस्मा घेतला. गुप्त शिष्य राहून टिळकांस हें सारें दुःख टाळतां आलें असतें. पण प्रभूस उघडपणें पत्करणें त्यांनीं आपलें कर्तव्य मानिलें.

१९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगरास राहून त्यांनीं आमच्या मंडळ्यांस शेंकडों गीतें दिलीं. मग १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीनें साताऱ्यास गेले व त्यांनीं देवाचा दरबार स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस जागा होती. ज्यानें बाप्तिस्म्यासाठीं घरदार गमाविलें, त्यानेंच असें दार उघडावें, याचें अनेकांस नवल वाटलें. यामुळें विधीचें महत्त्व कमी होईल, अशी भीति वाटणें स्वाभाविकच होतें.

शास्त्र काय दाखवितें? वधस्तंभावरील पश्चात्तापी चोरास पाण्याचा बाप्तिस्मा मिळाला नाहीं, तरी सुखलोकाचें वचन मिळालें. कैसरियांत कर्नेल्याच्या घरीं पवित्र आत्मा पाण्याच्या आधींच उतरला. तरीही पेत्रानें त्यांस बाप्तिस्मा घेण्याची आज्ञा केली. मार्काच्या शेवटच्या अध्यायांत विश्वास व बाप्तिस्मा यांचा एकत्र उल्लेख आहे, परंतु दंड सांगितला आहे तो अविश्वासास. यावरून आम्हांस वाटतें कीं, तारण कृपेनें व विश्वासानें होतें. पाणी तें विकत देत नाहीं. पण प्रभूची आज्ञा ती आज्ञाच, आणि संधि असतां ती मोडणें हें विश्वासाचें लक्षण नव्हे.

ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक प्रभूकडे गेले. त्यांच्या चरित्रांतून आम्हीं दोन गोष्टी घ्याव्या. शेजारचा कोणी बांधव घरच्यांच्या भयानें अडखळत असेल, तर त्याला नष्ट झालेला म्हणूं नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. आणि ज्यास आडकाठी नाहीं, त्यानें हंगाम होऊं दे, लग्न होऊं दे, असें म्हणून दिवस ढकलूं नयेत. देव अंतःकरण पाहतो हें खरें. म्हणूनच आपण उशीर कां करितों, तेंही तो पाहतो.