प्लस बटणामागचा मेंटेनन्सवाला: गुनपेई योकोई

व्हिडिओ गेमच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं एक बटण असतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आठवडी बाजारात मिळणारा बिनकंपनीचा टीव्ही गेम असो की महागडा कन्सोल, ते बटण कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. ते ज्यांच्यामुळे आलं त्यांचं नाव गुनपेई योकोई. जपानच्या निन्टेंडो कंपनीतले इंजिनिअर. गेम बॉयसुद्धा त्यांच्याच विभागाचा.

त्यांच्याबद्दल वाचायला गेलात तर जीनियस, द्रष्टा असले शब्द भरपूर सापडतील. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. योकोई कंपनीत लागले ते गेम बनवायला नाही, तर मशीन दुरुस्त ठेवायला. आणि पुढची तीस वर्षं त्यांनी ज्या वस्तू बनवल्या, त्यातल्या बहुतेक दुरुस्तीवाल्याच्याच डोक्याने बनवल्या. एक मोठा अपवाद आहे, त्याच्याकडे येऊच.

जन्म १० सप्टेंबर १९४१, क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण. १९६५ मध्ये निन्टेंडोत नोकरी. तेव्हा निन्टेंडो म्हणजे पत्ते बनवणारी कंपनी. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते तिथे तयार व्हायचे, आणि ते बनवणारी मशिनं बंद पडू नयेत हे बघणं हे योकोईंचं काम. आपल्याकडे ई अँड टीसी करून पोरगा पत्त्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला तर घरात काय वातावरण होईल याची कल्पना करा.

मशिनं नीट चालत असली की मेंटेनन्सवाल्याला काम नसतं. त्या रिकाम्या वेळात योकोईंनी स्वतःसाठी एक खेळणं बनवलं. दुकानाला ओढायचं जाळीचं शटर असतं ना, ज्याच्या पट्ट्या कैचीसारख्या आवळतात आणि पसरतात, तसाच प्रकार. मुठी जवळ आणल्या की हात लांब जायचा आणि टोकाचा चिमटा समोरची वस्तू पकडायचा. कंपनीचे मालक हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. ड्यूटीच्या वेळेत खेळणं बनवणाऱ्याला झापायच्या ऐवजी त्यांनी तेच विकायला काढायला सांगितलं. १९६६ मध्ये अल्ट्रा हँड या नावाने ते बाजारात आलं आणि दहा लाखांवर खपलं. मेंटेनन्सवाला खेळणी बनवणाऱ्या विभागात गेला तो असा.

१९६९ चा लव्ह टेस्टर तर मला फारच आवडतो. दोघांनी एकेका हातात धातूचा गोळा धरायचा, मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, की मीटरचा काटा प्रेम किती ते दाखवणार. आत काय होतं? माणसाच्या कातडीतून थोडीशी वीज वाहते, हाताला घाम असेल तर जास्त वाहते. बस. वायरमनच्या मल्टिमीटरमध्ये जे काम रेझिस्टन्सचं सेटिंग करतं तेच. फक्त दोन माणसांना हात धरायला निमित्त मिळालं. नवीन शोध शून्य, जुन्या मीटरचा नवा उपयोग.

योकोईंची विचार करण्याची पद्धतच ही होती. एखादा पार्ट नवा असतो तेव्हा तो महाग असतो, आणि तो कसकसा बिघडतो हे कुणालाच माहीत नसतं. तोच पार्ट दहा वर्षं जुना झाला की स्वस्त होतो, त्याच्या सगळ्या खोड्या कळलेल्या असतात. मग तो उचलायचा आणि ज्या कामासाठी तो बनलाच नव्हता तिथे लावायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले दर वर्षी नवीन फ्रेमवर्कच्या मागे धावतो, त्यामुळे हे वाचताना मला थोडं लागतं, पण ते असो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ यांची कॅल्क्युलेटरवरून जोरदार स्पर्धा झाली. एलसीडी स्क्रीन आणि त्या चालवणाऱ्या चिप एकदम स्वस्त झाल्या. एकदा बुलेट ट्रेनमध्ये योकोईंना एक प्रवासी दिसला, जो कंटाळून उगाच कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. खिशात मावेल असं घड्याळ, ज्यात वेळ घालवायला एक छोटा गेम आहे, ही कल्पना तिथे सुचली. पण ती मालकापर्यंत पोचली कशी? यामाउचींकडे मोठी कॅडिलॅक होती, स्टिअरिंग डाव्या बाजूला. एके दिवशी त्यांचा ड्रायव्हर आजारी पडला. तशी गाडी चालवायची सवय असलेले म्हणून योकोईंना बोलावलं गेलं. गाडी चालवता चालवता त्यांनी ही कल्पना सांगून टाकली. यामाउची त्या दिवशी ज्या बैठकीला चालले होते तिथे त्यांच्या शेजारी नेमके शार्पचे प्रमुख बसले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. १९८० मध्ये गेम अँड वॉच आला. ही मालिका पुढे सव्वाचार कोटींच्या वर खपली.

त्यातला एलसीडी आणि कॅल्क्युलेटरचा एलसीडी यांच्यात तत्त्वाचा फरक नाही. कॅल्क्युलेटरमध्ये सात काड्या असतात, पाहिजे त्या काळ्या केल्या की आकडा दिसतो. इथे काड्यांच्या जागी माणसाची वेगवेगळ्या ठिकाणची चित्रं आधीच कोरलेली, एकामागून एक काळी केली की माणूस हलल्यासारखा वाटतो.

आता प्लस बटणाकडे. १९८२ मध्ये डाँकी काँग हा गेम याच मालिकेत आणायचा होता. हे मॉडेल पुस्तकासारखं मिटणारं, दोन स्क्रीनचं. त्यात माकडाच्या मागे शिड्या चढायच्या, म्हणजे चारही दिशा हव्यात. जॉयस्टिक लावली तर झाकण मिटणार नाही. चार सुटी बटणं लावली तर खाली बघितल्याशिवाय अंगठ्याला दिशा कळणार नाही. योकोईंनी चारही बटणं जोडून एकच प्लस केला आणि मधोमध खाली एक टेकू दिला. प्लस त्या टेकूवर सी-सॉसारखा कलतो. डावीकडे दाबलं की उजवी बाजू उचलली जाते, त्यामुळे दोन उलट्या दिशा एकदम दाबल्याच जात नाहीत. अंगठ्याला न बघता मधला भाग कळतो. पुढच्या वर्षी फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्ही कन्सोलवर हेच बटण गेलं, आणि फॅमिकॉमच्या ज्या असंख्य नकला जगभर बनल्या त्यांच्यावरही.

अशीच एक नक्कल आमच्या घरी आहे. आमचं गाव सास्तूर, धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे बाहेरच्या लोकांना नाव माहीत असतं. माझा जन्म त्यानंतरचा, पुन्हा उभ्या राहिलेल्या गावातला. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा भाच्याने टीव्ही गेमचा रिमोट माझ्यापुढे टाकला. गेममधला माणूस उजवीकडे पळतो, उडी मारतो, पण डावीकडे जातच नाही. घरच्यांचं निदान तयार होतं: वायर तुटली.

वायर नसणार हे उघडायच्या आधीच सांगता येतं. कसं ते बघा. या रिमोटमध्ये आठ बटणांसाठी आठ तारा नसतात. आतली छोटी चिप आठही बटणांची स्थिती एकामागून एक, एकाच तारेवरून कन्सोलला पाठवते. ती तार तुटली तर सगळीच बटणं मरतील. एकच दिशा मेली असेल तर दोष त्या बटणाखालीच. खात्रीसाठी दुसरा चांगला रिमोट त्याच सॉकेटमध्ये लावून पाहिला, माणूस डावीकडे गेला. म्हणजे कन्सोल ठीक.

मागचे स्क्रू काढले की आत तीन थर दिसतात: प्लास्टिकचा प्लस, त्याखाली मऊ रबराचे चार फुगे, आणि सर्किट बोर्ड. प्रत्येक फुग्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली असते. दाबलं की टिकली बोर्डावरच्या दोन पट्ट्यांना जोडते, सोडलं की रबर तिला वर उचलतं. मल्टिमीटर लावून पाहिलं तर बाकी टिकल्यांचा रेझिस्टन्स काहीशे ओम, डाव्या टिकलीचा इतका जास्त की चिपला बटण दाबल्याचं कळतच नव्हतं. बोर्डावर हाताचा मळ आणि फरसाणाचं तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसला, टिकली साध्या कागदावर हलकीच घासली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. मऊ पेन्सिलचं शिसं टिकलीवर घासण्याचा उपाय काही दिवस चालतो, म्हणून तो केला नाही. जुन्या मेलेल्या रिमोटमधलं रबर काढून यात बसवलं. वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य. चाळीस वर्षांपूर्वीच्या डिझाइनला आजही सुटे भाग मिळतात, कारण त्यात रबर, कार्बन आणि प्लास्टिक याशिवाय काही नाहीच.

गेम बॉय आला २१ एप्रिल १९८९ ला. इथे एक स्पष्ट करायला हवं, श्रेय एकट्या योकोईंचं नाही. तांत्रिक बाजूचा मोठा भार सातोरू ओकादा यांनी उचलला. पण स्क्रीन रंगीत नको, मागून लाइट नको, हा आग्रह योकोईंचा. चार छटांचा हिरवट पडदा, १६० बाय १४४ ठिपके, त्या काळीही जुनाट म्हणावी अशी ८ बिटची चिप. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही रंगीत, दोन्ही दिसायला भारी. पण दोघांना सहा सेल लागायचे आणि चार-पाच तासांत बसायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. ज्या घरात सेल संपले की नवे कधी येतील ते सांगता येत नाही, तिथे हा फरक सगळ्यात मोठा. मी लोडशेडिंगच्या काळात वाढलोय, मला हे पटवून द्यायची गरज नाही. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांच्या पुढे गेले. आखाती युद्धात होरपळून अर्धवट वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात बरीच वर्षं ठेवलेला होता, चालू स्थितीत.

तुमच्याकडे सेलवर चालणारा असा जुना गेम बंद पडलेला असेल तर आधी सेलचं झाकण उघडा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर सेल गळलाय. इथे एक बारीक गोष्ट. अल्कलाइन सेल गळाला तर ती पूड अल्कधर्मी असते, ती कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन निघते. आपल्याकडचे स्वस्त साधे झिंक-कार्बन सेल गळले तर ते आम्लधर्मी असतं, तिथे व्हिनेगर उपयोगाचं नाही, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवायचं. आणि पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील तर काचेला चिकटवलेल्या पट्टीची पकड सुटलेली असते. गेम बॉयमध्ये ती पट्टी सोल्डरिंगच्या गनने हलकीच गरम करून पुन्हा चिकटवता येते. हात स्थिर पाहिजे.

आता तो अपवाद. १९९५ मध्ये योकोईंच्या विभागाने व्हर्च्युअल बॉय आणला. डोळ्यांना लावून बघायचा, खोली दाखवणारा गेम. आत प्रत्येक डोळ्यासाठी लाल एलईडींची एकच उभी ओळ, २२४ ठिपक्यांची, आणि समोर वेगाने थरथरणारा आरसा. आरसा हलतो तशी ती एक ओळ पसरून पूर्ण चित्र झाल्यासारखी वाटते. कल्पना सुंदर आहे, लाल एलईडी निवडले तेही स्वस्त म्हणूनच. पण ही अख्खी जोडणी नवी होती. तिच्या खोड्या कुणाला माहीत नव्हत्या. बघून डोकं दुखायचं, मान अवघडायची, आणि नावाला पोर्टेबल असलेलं यंत्र टेबलावर ठेवूनच खेळावं लागायचं. पावणेआठ लाखांच्या आसपास खपून वर्षभराच्या आत बंद.

दुरुस्तीच्या बाजूनेही तो उलटा निघाला. डिस्प्लेला जोडणारी पट्टी नुसत्या गोंदाने चिकटवलेली. वर्षांनी गोंद सुकतो आणि चित्र रेषारेषांनी फाटतं. गरम करून दाबलं तर काही काळ चालतं, कायमचा इलाज म्हणजे गोंद खरवडून बारीक सोल्डरिंग. ते घरच्या टेबलावर सगळ्यांना जमत नाही. भाच्याच्या रिमोटसारखं वीस मिनिटांत होणारं काम नाही ते.

१५ ऑगस्ट १९९६ ला योकोईंनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे गेले असं तेव्हापासून बोललं जातं. त्यांनी स्वतः ते नाकारलं होतं, स्वतःचं काही करायचा विचार आधीपासून होता असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही एकदम खरं असू शकतं असं वाटतं. जाण्याआधी गेम बॉय पॉकेट हे लहान आणि दोनच सेलवर चालणारं मॉडेल पूर्ण करून गेले. मग क्योटोतच कोटो नावाची छोटी कंपनी काढली आणि बान्दाई कंपनीसाठी नवीन हातातल्या गेमवर काम सुरू केलं.

ते काम पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा प्रांतात महामार्गावर त्यांची गाडी पुढच्या वाहनावर आदळली. काय नुकसान झालंय ते बघायला ते खाली उतरले, आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

बान्दाईचा गेम १९९९ च्या मार्चमध्ये आला, नाव वंडरस्वान. त्याच्यासोबत आलेल्या एका पझल गेमला योकोईंच्या नावावरून गनपे म्हटलं गेलं. वंडरस्वानचा पडदा ब्लॅक अँड व्हाइट होता. त्याला लागायचा एकच सेल, आणि तो तीस तास चालायचा.